बिनविरोध

एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे घेतात आणि आमच्या ख्राइस्टचर्चमध्ये संध्याकाळ एकदम अंगावर येते. आदल्या दिवशी ज्या वेळेला परसातले कपडे उन्हात वाळत असतात, त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी ते काढायला जावं, तर शेजारच्या धुराड्यातून धूर निघत असतो, दोरीवरचे मोजे पुन्हा गार झालेले असतात आणि पायाखाली ओल्या गवतात फिजोआ पडलेले असतात. एक उचलायला वाकलं की आणखी दिसतात. मी दरवर्षी वाकते. दरवर्षी वाकताना तीच माणसं आणि तोच हॉल डोळ्यांपुढे येतो, आणि दरवर्षी मी स्वतःला सांगते की आता पुरे.

फिजोआ ज्याने खाल्ला नाही त्याला काय सांगावं? पेरूच्या गणगोतातलं फळ. अंड्याएवढं, कच्चं असताना हिरवं आणि पिकल्यावरही हिरवंच. झाडावरून तोडला तर आंबटढाण निघतो. तो आपणहून खाली पडेपर्यंत थांबावं लागतं. मग मधोमध कापायचा आणि चमच्याने गर खायचा. वास थोडा अननसाचा, थोडा आईच्या कपाटातल्या अत्तराच्या फायाचा. ज्याच्या दारी झाड आहे त्याच्याकडे इतके पडतात की महिनाभर तो माणूस दिसेल त्याला पिशव्या भरून देत सुटतो. फाटकाशी खोकी ठेवतात, वर ‘फ्री’ असं लिहितात. ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात, कुठेही जा, टेबलावर फिजोआंची टोपली असतेच. या दिवसांत इथे कुणी कुणाकडे रिकाम्या हातांनी जात नाही.

मला हा मोसम फार आवडायचा. याच दिवसांच्या आसपास पाडवा येतो आणि याच दिवसांत जयंती येते. नुसतं ‘जयंती’ म्हटलं की कुणाची, असं आमच्या घरात कुणी विचारत नाही. चौदा एप्रिलची. नागपुरात त्या दिवशी ऊन असं असायचं की डांबर चपलेला चिकटायचं. त्या उन्हात निळ्या पताका, नवे कपडे, चौकाचौकांत पाणपोया, आणि पांढऱ्या साडीतल्या बायकांची संपता न संपणारी रांग. इथे त्याच तारखेला मी स्वेटर घालून फोटोला हार घालते. ऋतू उलटा असला तरी दिवस आपलाच, अशी मी मनाची समजूत घातली होती आणि ती बरी टिकलीही होती. मग एका एप्रिलमध्ये माझी मैत्रीण गेली. गेली म्हणजे वारली नाही. इथेच आहे, धडधाकट आहे, सुपरमार्केटात कोथिंबीर निवडताना दिसते. पण गेली, आणि ती नक्की कशी गेली हे इतके दिवस मला नीट कळत नव्हतं.

तिचं नाव मेधा. पुण्याची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. भूकंपानंतर हे शहर पुन्हा बांधायला काढलं तेव्हा इमारती तपासायला इंजिनिअर हवे होते. त्या भरतीत मी आले, माझ्या मागोमाग मिलिंद, माझा नवरा, आला. पहिलं भाड्याचं घर मिळालं त्याच्या कुंपणापलीकडे मेधा राहायची. पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून तिचं डोकं वर आलं आणि ती म्हणाली, "मराठी ना? कुकरची शिट्टी ऐकली."

परदेशात मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मूळचे कुठले? नागपूरचे. नागपुरात कुठे? उत्तर नागपूर. इथे एक बारीकसा थांबा येतो, चहात साखर विरघळायला लागतो तेवढा. मग आडनाव विचारायची गरज पडत नाही, किंवा विचारलंच तर खात्री करून घ्यायला विचारतात. मेधाने काही विचारलं नाही. तिला कळलं नव्हतं असं मुळीच नाही. आमच्या घरात शिरलं की समोरच फोटो आहे. तिने तो पाहिला, चप्पल काढली आणि म्हणाली, तुझ्याकडे मिक्सरचं चटणीचं भांडं आहे का, माझं फुटलं. मी त्या क्षणी तिच्या प्रेमात पडले असं म्हणायला हरकत नाही.

मग आमच्या पोरी जवळपास एकाच सुमाराला झाल्या, माझी अन्वी आणि तिची राधा. मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत देतात, अशा त्या दोघी. मेधा फिजोआचं पंचामृत करायची, शेंगदाणे, तीळ, मिरच्या, गूळ घालून. मला ते गोड वाटायचं आणि मी ते तोंडावर सांगायची. मी वडा-भात केला की ती म्हणायची, तुम्हा विदर्भातल्या लोकांना तेलाचा आयुर्विमा उतरवला पाहिजे. तिने मला गाडी शिकवली. मी तिला लोकांना ‘नाही’ म्हणायला शिकवत होते. तो अभ्यासक्रम अर्धवटच राहिला.

आणि माझे बाबा गेले ते दिवस. महामारीमुळे देशाच्या सीमा बंद होत्या, विमानं नव्हती. भाऊ तिकडून फोन धरून उभा होता आणि मी इथे स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन टेकवून बाबांचं शेवटचं दर्शन घेत होते. मिलिंदला काय करावं सुचत नव्हतं, तो सारखा चार्जर शोधत होता. मेधा आली आणि माझा हात धरून बसली. तिकडे वंदना सुरू झाली तेव्हा तिने हात जोडले आणि येत नसलेले शब्द आमच्या मागोमाग, अर्ध्या सेकंदाने उशिरा, म्हणत राहिली. सख्खी बहीण असती तरी यापेक्षा काय वेगळं केलं असतं? हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढचं वाचल्यावर कुणाला वाटेल की तिची मैत्री वरवरची होती. नव्हती. म्हणूनच तर जीव जळतो.

आता मंडळाचं सांगते. आमचं मराठी मंडळ लहान असलं तरी भलतंच अभिमानी. अभिमान कशाचा, तर मंडळात आजवर एकदाही मतदान झालं नव्हतं. वार्षिक सभा घड्याळं मागे घ्यायच्या रविवारी, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये. त्यात एक सोय होती. जे घड्याळ बदलायला विसरत ते तासभर आधी पोचत, त्यामुळे वर्षातून एक दिवस मराठी माणसं वेळेवर असत. मावळते अध्यक्ष उभे राहून पुढच्या अध्यक्षांचं नाव घेत, मागून कुणीतरी बटाटेवडा गिळत ‘अनुमोदन’ म्हणे, टाळ्या वाजत, आणि पंगत बसे. इतर मंडळांत कशी भांडणं होतात, वकिलापर्यंत जातात, आपलं कसं घरासारखं आहे, हे दरवर्षी बोललं जाई. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. छान वाटायचं.

बाबा शाळामास्तर होते. वर्ध्याकडच्या ज्या गावात त्यांची बदली झाली होती, त्या गावाची ग्रामपंचायत वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून यायची. वेशीवर तसा फलक होता, पेपरात फोटो छापून यायचा. मी शाळेत निबंधात ते कौतुकाने लिहिलं, तेव्हा बाबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बिनविरोध म्हणजे विरोध नव्हता असं नाही, पोरी. ज्याचा होता त्याच्या घरी लोक आधीच जाऊन आले होते." निबंधातलं ते वाक्य मात्र त्यांनी खोडलं नाही. परीक्षेत चांगले मार्क पडतील म्हणाले, आणि पडलेही.

मेधा गेली त्या वर्षी मी मंडळाकडे मागितलं होतं ते एवढंसंच. मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमांत संक्रांत, पाडवा, एक मे, गणपती, दिवाळी असतात. त्यात जयंतीही असावी. आम्ही चार-सहा घरं आपापली जयंती करतच होतो. कुणी अडवलं नव्हतं. पण महापालिकेच्या दरवर्षीच्या मेळ्यात मंडळाचे अध्यक्ष शरदराव फेटा बांधून माईकवर उभे राहत, आधी ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करत आणि म्हणत, इथल्या समस्त मराठी माणसांच्या वतीने मी आपलं स्वागत करतो. त्या वर्षी मी खाली गर्दीत अन्वीच्या हातातलं आइस्क्रीम सांभाळत उभी होते आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं, की या ‘समस्त’मध्ये मी आहे. माझ्या वतीने हा गृहस्थ बोलतो आहे. मग माझ्या घरातला सगळ्यात मोठा दिवस याच्या पत्रिकेत का नाही? हा अधिकार त्यांना कुणी दिला, हे आठवून पाहिलं. आम्हीच दिला होता, टाळ्या वाजवून, तोंडात वडा असताना.

शरदराव वाईट माणूस नव्हेत. हे वाक्य मी टाळू शकत नाही, कारण ते खरं आहे. नव्या माणसाला विमानतळावर आणायला तेच जातात. आमचा पहिला फ्रीज त्यांनी स्वतःच्या ट्रेलरवरून आणून दिला होता आणि कमरेला पट्टा बांधून जिन्याने वर चढवला होता. मी सूचना पाठवली, आणि सभेच्या दोन-तीन दिवस आधी ते आमच्या दारात उभे. हातात फिजोआंचं खोकं. मिलिंदने चहा केला. शरदरावांनी अन्वीच्या अभ्यासाची चौकशी केली, गॅरेजच्या छताची चौकशी केली, मग कप खाली ठेवला. ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, असं म्हणाले. ज्यांनी देशाची घटना लिहिली त्यांच्याबद्दल कुणाच्या मनात आदर नाही? पण मंडळ सगळ्यांचं आहे, म्हणून एका समाजाचा कार्यक्रम नको. आज एक आला की उद्या दुसरे मागतील. तुम्ही तुमचा करता तो करा, आम्ही येऊ की. फक्त सभेत मतदान मागू नका. एकदा हात मोजायला लागलो की घराचं घरपण जातं.

मी विचारलं, मग गणपती कुणा एका समाजाचा नाही का? ते मनापासून चकित झाले. हा प्रश्न त्यांना खरोखर कधी पडलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गणपती काय, सगळ्यांचाच, म्हणाले.

ते गेल्यावर मी त्या खोक्याकडे बघत बसले. बाबांची इतकी आठवण आली की उठवेना. लोक घरी येऊन गेले होते. फळं घेऊन आले होते, गोड बोलले होते, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मिलिंद म्हणाला, सोड ना, कशाला हात दाखवून अवलक्षण. मग थोड्या वेळाने म्हणाला, नाहीतर माग. मी आहे. मेधाला फोन केला तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, अगं, बरोबरच आहे तुझं, ऑफ कोर्स मी आहे तुझ्याबरोबर. त्या दिवशी स्वयंपाकाची जबाबदारी तिच्याकडे होती. मसालेभाताला तांदूळ कुठला घेऊ, हे तिने त्याच फोनवर विचारलं.

सभेत मी उभी राहिले. मंडळाच्या स्वतःच्या घटनेत मतदानाची तरतूद आहे, आजवर कुणी वापरली नाही, तेव्हा माझी सूचना मताला टाकावी, असं मी म्हटलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान वळवून विचारलं, "आपल्यात मतदान?" कुणीतरी म्हणालं, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का. जयंतीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याविरुद्ध बोलणारं त्या हॉलमध्ये कुणी नव्हतंच. सगळ्यांचा राग एकाच गोष्टीवर होता, की मी मोजायला सांगितलं.

चिठ्ठ्या कुणी आणल्या नव्हत्या. मग शरदराव म्हणाले, ठीक आहे, ताईंच्या सूचनेच्या बाजूने ज्यांना आहे त्यांनी हात वर करा. हात वर करताना माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मिलिंदचा हात आधी गेला. आमच्या घरांतले गेले. मुंबईहून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं होतं, कुणाला घाबरायचं हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं, त्यांचे गेले. मी मेधाला शोधत होते. आणि नेमकी त्याच वेळेला ती स्वयंपाकघराच्या दारातून आली. दोन्ही हातांत भाताचं मोठं पातेलं, कानांना फडकी लावून धरलेलं, वाफ तोंडावर येत होती म्हणून मान एका बाजूला केलेली. तिने ते लांबच्या टेबलापर्यंत नेलं, अगदी सावकाश. ती ते खाली ठेवेपर्यंत विरोधाचेही हात मोजून झाले होते, आणि ते जास्त भरले. नंतर जे टिपण सगळ्यांना आलं त्यात लिहिलं होतं, चर्चेअंती सर्वानुमते सूचना स्थगित ठेवण्यात आली. सर्वानुमते. ते वाचून मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

आम्ही न जेवता निघालो. मेधा आत ताटं काढत होती, आम्हाला जाताना तिने पाहिलं नसावं.

त्यानंतर भांडण असं काही झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. तिचा फोन आला नाही, मी वाट पाहिली. मग मी करेन म्हटलं, आणि केला नाही. पोरी मात्र एकमेकींकडे जात राहिल्या. मी राधाला घरी सोडायला जायची ती गाडीतूनच. एकदा अन्वी मागच्या सीटवरून म्हणाली, "मॉम, इट्स हीप्स ऑकवर्ड, यू नो?" हीप्स म्हणजे इथल्या पोरांचं ‘फार’. मी म्हटलं, नो. मिलिंद कधी मेधाबद्दल तिरकस बोलला की मी तिच्या बाजूने उभी राहायची. तिच्या हातांत पातेलं होतं, म्हणायची. गरम होतं. ती काय करणार होती? सांडणार होती का सगळ्यांच्या अंगावर? हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की घरात त्याची चेष्टा व्हायला लागली. काही हरवलं की मिलिंद म्हणायचा, माझ्या हातांत पातेलं होतं.

आमच्या घरांचं मग वेगळं मंडळ झालं. पहिल्या सभेत सगळ्यांनी एका सुरात माझं नाव घेतलं आणि टाळ्या सुरू केल्या. मी म्हटलं, थांबा, चिठ्ठ्या टाका. आमच्यातल्या एका काकांनी अगदी त्याच दुखावलेल्या आवाजात विचारलं, ताई, आपल्यातल्या आपल्यात चिठ्ठ्या? घरोघरी मातीच्या चुली. तरी टाकायला लावल्या. एक चिठ्ठी माझ्याविरुद्ध निघाली आणि चहा संपेपर्यंत सगळे ती कुणाची याचा शोध घेत होते. मिलिंद म्हणतो ती त्याची होती, बायको घरी दिसावी म्हणून टाकली. असेलही.

आमच्या ऑफिसात अरोहा आहे, माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतली. साइटवर जाताना गाडीत मी तिला एकदा हे सगळं सांगितलं. विचारलं, तुमच्यात बैठकीत मतं मोजतात का? ती म्हणाली, आम्हीसुद्धा शक्यतो एकमतावर येतो. फक्त ज्याचं दुखलं आहे त्याला आधी बोलू देतो, पुरतं बोलू देतो, मग दिवस मोडला तरी चालेल. मग हसून म्हणाली, म्हणजे तसं करावं असं आहे, नेहमी होतंच असं समजू नकोस. एकमत वाईट नसतं, हे मला तोवर नीट उमगलं नव्हतं. ते कुठून सुरू करायचं, हे आमच्या लोकांना कधी सुचलं नाही.

आता तर मेळ्याला दोन्ही मंडळांना बोलावतात. दोन टेबलं, दोन्हीवर ‘मराठी’ अशी पाटी, दोन्हीवर बटाटेवडे. इथला एखादा माणूस येऊन भाबडेपणाने विचारतो, दोघांत फरक काय? या देशात दोनशे भाषांची माणसं येऊन राहिली आहेत असं कुणी म्हटलं तरी मला खरं वाटेल, आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या पोटात अशी दोन-दोन टेबलं असतील याचीही मला खात्री आहे. मी त्या माणसाला म्हणते, चटणी वेगळी आहे, खाऊन बघा.

यंदा घड्याळं मागे गेली आणि मेधाचा फोन आला. ती आता जुन्या मंडळाची अध्यक्ष आहे. बिनविरोध. आणि तिने मंडळाच्या कार्यक्रमांत जयंती घेतली आहे. कुणी आडवं आलं नाही म्हणाली, सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. तिच्या आवाजात जुना उत्साह होता. आणि मग म्हणाली, तू प्रमुख पाहुणी म्हणून यावंस, तुमच्या मंडळातर्फे दोन शब्द बोलावेस, अशी सगळ्यांची इच्छा आहे.

मी मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. मग आनंद का होत नव्हता? मिलिंद म्हणाला जाऊ नको. अन्वी म्हणाली, "जस्ट गो, मॉम. राधा विल बी देअर." मी गेले. तोच हॉल. फोटोला सुरेख हार होता, मेणबत्त्या होत्या, सगळं नीट विचारून, चुकू नये म्हणून धडपडून केलेलं होतं. मला स्टेजवर खुर्ची होती. ओळख करून देणारा मुलगा म्हणाला, त्यांच्या समाजात या दिवसाला मोठं महत्त्व आहे. शरदराव पहिल्या रांगेत बसले होते, आता केस पूर्ण पांढरे. त्यांनी मनापासून हात जोडले. मी बाबांबद्दल बोलले, त्यांच्या शाळेबद्दल बोलले. वेशीवरच्या फलकाची गोष्ट जिभेवर आली होती, ती सांगितली नाही. टाळ्या चांगल्या वाजल्या. जेवणाच्या वेळी सवयीने मी ताटं मांडायला गेले, तर एका नव्या मुलीने माझ्या हातातून ती काढून घेतली. तुम्ही पाहुण्या आहात, तुम्ही बसा, म्हणाली. किती गोड म्हणाली. ज्या हॉलची फरशी मी दर पाडव्याला पुसली, तिथे मी बसले.

निघताना मेधा गाडीपर्यंत आली. गार वारा होता, ती शाल विसरली होती. कार्यक्रम छान झाला, मी म्हटलं. ती म्हणाली, तू अजून रागावली आहेस माझ्यावर.

"तुझ्यावर कधीच नव्हते," मी म्हटलं. "तुझ्या हातांत पातेलं होतं, मेधा. मी सगळ्यांना सांगते."

मग तिने गाडीच्या टपावर हात ठेवला, आधाराला ठेवावा तसा.

"भात कच्चा होता गं त्या दिवशी," ती म्हणाली. "मी आतून सगळं ऐकत होते. हात वर करा असं ऐकलं आणि गॅस बंद केला. अजून शिजायचा होता, तसाच उचलून आणला." मग म्हणाली, "जेवताना सगळ्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं तुझ्याही आलं असेल. म्हणून तू फोन करत नाहीस."

"आम्ही जेवलो नव्हतो," मी म्हटलं.

तिचा चेहरा बदलला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की मला ठाऊक आहे आणि मी तिला शिक्षा देते आहे. आणि मी इथे घरादारात तिची वकिली करत होते. तिने माझ्या विरोधात सरळ हात वर केला असता तर मी भांडले असते, तिला नको ते बोलले असते, आठवड्याने पुन्हा तिच्याच ओट्याशी जाऊन बसले असते. तिला विरोध करायचा नव्हता. तिला माझी बाजूही घ्यायची नव्हती. बाबा गेले तेव्हा माझा हात धरून बसलेली ही बाई, चार लोकांदेखत माझ्यासाठी एक हात वर करायला घाबरली होती, आणि ते भय लपवायला तिने कच्चा भात वाढला होता. मला तिची कीव आली, आणि तिची कीव यावी याचंच जास्त वाईट वाटलं.

मेधा रडत होती. काहीतरी बोल ना, म्हणत होती. तिला जवळ घ्यावं असं मनात आलं, अगदी आतून आलं. मी घेतलं नाही. वारा वाढलाय, आत जा, एवढंच म्हटलं आणि गाडीत बसले.